मानेवरचं जन्मजात छिद्र: निदानापासून शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षापर्यंत

मानेच्या एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. बाळाला ते जन्मापासून आहे. कधी त्यातून चिकट, पारदर्शक पाण्याचा थेंब येतो, झबल्याचा गळा ओला होतो, वाळलं की पांढुरकी खपली धरते. दुखत नाही म्हणून घरचे फारसं मनावर घेत नाहीत. मग सर्दी-खोकल्याच्या दिवसांत तिथे लाल गाठ येते, ताप भरतो. जवळच्या दवाखान्यात चिरा देऊन पू काढतात, आठवड्यात बरं वाटतं आणि दोन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. बार्शी, अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, शिवाय सीमेपलीकडच्या इंडी-विजयपूरहून सोलापुरात दाखवायला येणारे बरेच रुग्ण असे एक-दोन चिरे होऊन गेल्यावरच येतात. त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या बाळाच्या मानेवर आज नुसतंच छिद्र आहे त्या आईबापांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा. दिसतं ते छिद्र म्हणजे आत खोलवर गेलेल्या एका नळीचं तोंड. नळी मुळापासून निघाली तर आजार संपतो, तुकडा राहिला तर तो परततो. आणि ती अखंड निघण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्या शस्त्रक्रियेत असते. पुढची प्रत्येक पायरी त्या एका संधीची तयारी आहे.

नळी येते कुठून

गर्भ चार आठवड्यांचा होतो तेव्हा त्याच्या मानेच्या जागी दोन्ही बाजूंना कमानींसारखे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा तयार होतात. जबडा, कान, घसा, मानेचे काही भाग यांची घडण या कमानींतून होते. दुसरी कमान वाढत खाली येते आणि खालच्या खाचा झाकून टाकते. झाकली गेलेली पोकळी पुढे आपोआप बुजायला हवी. ती बुजली नाही की मागे काहीतरी उरतं. दोन्ही बाजूंनी बंद पोकळी राहिली तर ती सिस्ट, म्हणजे पाण्याची गाठ. एकाच बाजूला तोंड असेल तर सायनस. बाहेर त्वचेवर आणि आत घशात अशी दोन्ही तोंडं असतील तर फिस्टुला. या गटाला डॉक्टर ‘ब्रँकियल’ म्हणतात.

दुसरा प्रकार मानेच्या मध्यावरचा. थायरॉइड ग्रंथी मुळात जिभेच्या बुडाशी तयार होते आणि तिथून मानेत खाली उतरते. उतरताना मागे एक बारीक नळी राहते, ती नंतर विरून जाते. विरली नाही तर ‘थायरोग्लॉसल’ गाठ होते. ही गाठ जन्मतः सहसा त्वचेवर उघडलेली नसते. पू होऊन फुटल्यावर किंवा तिला नुसता चिरा दिल्यावर तिथे वाहतं छिद्र तयार होतं. म्हणजे गाठ जन्मजात, छिद्र मात्र मागाहून आलेलं.

इथे आयांसाठी थोडं थांबतो. गरोदरपणी ग्रहणात काही चिरलं, विळीवर बसली, म्हणून लेकराच्या मानेला भोक पडलं, असं अजूनही घरोघरी ऐकू येतं आणि त्या बाईला ते वर्षानुवर्षं ऐकून घ्यावं लागतं. गर्भाची ही घडण पहिल्या दोन-अडीच महिन्यांत होते, अनेकदा दिवस गेल्याचं नीट कळण्याआधीच. त्यात आईच्या हातून घडलेलं काही नसतं. सासू-सासऱ्यांसमोर डॉक्टरांनी हे स्पष्ट सांगावं, असा आग्रह धरायला संकोच करू नका.

आपलं छिद्र कुठल्या जातीचं

जागेवरून बरंच कळतं. कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका उतरणारा जाड स्नायू मान वळवली की उठून दिसतो. त्याच्या पुढच्या कडेला, मानेच्या खालच्या भागात छिद्र असेल तर ते बहुतेक वेळा दुसऱ्या कमानीचं. ब्रँकियल दोषांपैकी ९० टक्क्यांहून अधिक याच जातीचे असतात. साधारण दहातल्या एका रुग्णात ते दोन्ही बाजूंना असतं, म्हणून दुसरी बाजूही उजेडात नीट बघा.

बरोबर मधोमध, कंठाच्या आसपास गाठ किंवा छिद्र आहे, आवंढा गिळताना आणि जीभ बाहेर काढताना ते वर सरकतं, तर थायरोग्लॉसल समजायचं. ही तपासणी घरीही करता येते. मुलाला पाणी प्यायला द्या आणि समोरून बघा.

जबड्याच्या कोनाखाली किंवा कानाच्या पाळीजवळ छिद्र असेल आणि त्याच बाजूचा कान वाहत असेल, पडदा मात्र शाबूत असेल, तर पहिल्या कमानीचा दोष असू शकतो. हा विरळा आहे. बरीच वर्षं तो ‘कान फुटला’ म्हणूनच थेंबांवर ठेवला जातो. आणखी विरळा प्रकार तिसऱ्या-चौथ्या कमानीचा. तो बहुधा डावीकडे असतो आणि थायरॉइडच्या जागी पुन्हा पुन्हा पू होणं हेच त्याचं लक्षण असतं. लहान मुलाला डाव्या बाजूला दुसऱ्यांदा असा गळू झाला तर घशाच्या आत दुर्बिणीने बघायला हवं.

कानाच्या पुढे, पाळीच्या मुळाशी असलेलं बारीक छिद्र पुष्कळ लोकांत दिसतं. तो वेगळा विषय आहे. पण मानेवर छिद्र, कानापुढेही छिद्र आणि घरात कुणाला लहानपणापासून कमी ऐकू येतं, असं एकत्र आढळलं तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कान, मान आणि मूत्रपिंड यांत एकत्र दोष असणारा एक आनुवंशिक आजार आहे. अशा मुलाची श्रवण चाचणी आणि पोटाची सोनोग्राफी शस्त्रक्रियेआधी झालीच पाहिजे.

तपासण्या, आणि दोन मोठ्या गल्लती

पहिली तपासणी मानेची सोनोग्राफी. स्वस्त आहे, दुखत नाही, सोलापुरात कुठेही होते. मध्यावरच्या गाठीत तर ती टाळूच नये. त्याचं कारण गाठीइतकंच महत्त्वाचं आहे: थायरॉइड ग्रंथी तिच्या जागी आहे की नाही ते त्यात दिसतं. क्वचित, मध्यावरची ती ‘गाठ’ हीच रुग्णाची एकमेव थायरॉइड असते. ती काढून टाकली तर आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतात. ‘सोनोग्राफीत थायरॉइड जागेवर दिसली का?’ हा प्रश्न विचारा आणि उत्तर रिपोर्टवर लिहिलेलं बघा.

बाजूच्या छिद्रासाठी नळी किती खोल गेली आहे ते कळायला एमआरआय किंवा सीटी लागू शकतो. छिद्रातून औषध सोडून काढलेल्या फोटोला फिस्टुलोग्राम म्हणतात. नळी सुजलेली किंवा पू भरलेली असताना तो करू नये. लहान मुलांमध्ये निदान स्पष्ट असेल तर काही सर्जन सोनोग्राफीवरच थांबतात, आणि ते योग्यही असतं. जितके फोटो जास्त तितका इलाज चांगला, असं काही नाही.

पहिली गल्लत क्षयाची. मानेतल्या गाठींचा क्षय, जुन्या लोकांची गंडमाळ, आपल्याकडे आजही भरपूर आहे आणि तोही फुटून वाहतो. त्यामुळे जन्मजात फिस्टुलाला क्षय समजून सहा महिने गोळ्या दिल्या जातात, आणि उलटंही होतं. फरक ओळखायला इतिहास विचारायचा: छिद्र जन्मापासून होतं का? क्षयाच्या व्रणाच्या कडा निळसर, आतून पोखरल्यासारख्या असतात, आजूबाजूला एकाला एक चिकटलेल्या गाठी लागतात. शंका असेल तर पू किंवा गाठीतला नमुना सीबीनॅट तपासणीला पाठवावा. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. अंदाजाने क्षयाचं औषध सुरू करू देऊ नका.

दुसरी गल्लत मोठ्या माणसांत होते आणि ती जिवावर बेतणारी आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या मानेच्या बाजूला नव्याने पाण्याची गाठ आली तर ती जन्मजात आहे असं गृहीत धरू नये. टॉन्सिल, जिभेचं बूड किंवा थायरॉइड यांचा कर्करोग मानेत पसरतो तेव्हा अशीच मऊ, पाण्याने भरलेली गाठ होऊ शकते. तंबाखू, मावा, गुटखा, विडी यांतलं काही चालू असेल तर आधी घसा-तोंड पूर्ण तपासून आणि गाठीतला नमुना सुईने काढून बघितल्याशिवाय कुणी चाकू लावू नये. विडी आणि तंबाखू आपल्या शहराच्या इतक्या अंगवळणी पडली आहे की रुग्ण ती व्यसनात धरतच नाहीत. ‘व्यसन नाही’ असं सांगताना मशेरीसुद्धा मोजा.

पू झालेला असेल तर

या टप्प्यावर घाई सगळ्यात महागात पडते. पू भरलेला असताना नळी आजूबाजूच्या मांसाला चिकटते, तिच्या भिंती ओळखू येत नाहीत. त्या वेळी ‘काढूनच टाकू’ म्हटलं तर तुकडे मागे राहतात आणि नसांना इजा होण्याचा धोका वाढतो.

क्रम असा ठेवावा. आधी प्रतिजैविकं, पूर्ण मुदतीची. पू साचला असेल तर शक्यतो जाड सुईने खेचून काढावा, गरज पडली तर पुन्हा खेचावा. त्याने भागलंच नाही तर छोटा चिरा द्यावा, तोही पुढच्या शस्त्रक्रियेचा छेद कुठून जाईल याचा विचार करून, आडवा. मग निदान ४ ते ६ आठवडे थांबावं. सूज पूर्ण उतरली, कातडी मऊ झाली की शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी. मात्र गिळता येत नाही, लाळ गळते आहे, श्वासाला आवाज येतो आहे किंवा मान आखडून ताप उतरत नाही, अशा वेळी रात्र असली तरी थेट मोठ्या रुग्णालयात जायचं.

या काळात छिद्र पिळू नका, काडी-पिन घालून साफ करू नका, डाग देऊ नका, बिब्बा लावू नका. क्षारसूत्राबद्दल, म्हणजे आयुर्वेदातल्या औषध लावलेल्या दोऱ्याबद्दल, अनेक जण विचारतात. भगंदरावर ते रूढ आहे, पण मानेतल्या या नळीच्या शेजारून मेंदूला रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. तिथे नळीत दोरा ओवून कातरत आणण्याचा प्रयोग कुणावरही करू देऊ नये.

शस्त्रक्रिया कधी, कुठे

नळी आपोआप बुजत नाही, आणि जंतुसंसर्ग होण्याची शक्यता वयाबरोबर वाढत जाते. म्हणून निदान झालं की शस्त्रक्रियेचा विचार करायचा. तान्ह्या बाळात मात्र घाई नसते. बाळ वजन धरेपर्यंत, भूल सुरक्षितपणे देता येईल तोवर थांबता येतं. नेमकं वय सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात. तोवर एकदाही पू झाला नाही तर उत्तम. झालाच तर वर सांगितलेला क्रम.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं ‘सिव्हिल’, हा पहिला दरवाजा. तिथे कान-नाक-घसा विभागात किंवा सर्जरी विभागात दाखवा. शहरातल्या सहकारी आणि खासगी रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते. कुठेही गेलात तरी सर्जनला थेट विचारा: ही शस्त्रक्रिया तुम्ही नेहमी करता का? मुलांना भूल देण्याचा अनुभव असलेले भूलतज्ज्ञ आहेत का? काढलेली नळी बायोप्सीला पाठवणार का? चांगला सर्जन या प्रश्नांनी दुखावत नाही. पहिली शस्त्रक्रिया आधीच फसलेली असेल, पहिल्या कमानीचा दोष असेल किंवा मूल फार लहान असेल तर पुण्या-मुंबईच्या बालशल्यचिकित्सा विभागाकडे पाठवण्याचा सल्ला मिळू शकतो. तो मानावा.

खर्चाचं बघायचं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत २०२३ च्या शासन निर्णयानंतर दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. शस्त्रक्रियेचं नाव सर्जनकडून कागदावर लिहून घ्या, ते पॅकेजच्या यादीत बसतं का आणि तिथे त्या विभागाला मान्यता आहे का हे आधी त्याच्याकडून तपासा, मगच भरती व्हा. रेशनकार्ड आणि आधारवरच्या नावांत फरक असेल तर तो भरतीच्या दिवशी निस्तरत नाही, आधी निस्तरा. कर्नाटकातून येणाऱ्यांनी आपल्या राज्याच्या योजनेची मंजुरी इथे चालते का ते निघण्यापूर्वी विचारावं. अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं करतात. त्या दिवशी मानेवरचं छिद्र दाखवा, पुढे पाठवण्याची चिठ्ठी तिथूनच मिळू शकते.

तारखेबद्दल माझं मत: तातडी नसेल तर एप्रिल-मे टाळा. पारा बेचाळीसच्या पुढे गेला की घामाने पट्टी टिकत नाही, मूल चिडतं. शाळा बुडू नये म्हणून दिवाळीची सुट्टी बरी. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत धूळ आणि गर्दी असते, तेव्हा ताजे टाके घेऊन मुलाला घराबाहेर काढायचं नसेल तर जानेवारीत संक्रांतीच्या आसपासचे जत्रेचे दिवस सोडून तारीख मागा.

भरतीच्या आधीचे दिवस

रक्ताच्या तपासण्या होतील, भूलतज्ज्ञ तपासतील. मुलाला फिट, दमा, हृदयाचा त्रास, कुठल्या औषधाची ॲलर्जी किंवा घरात कुणाला भुलीचा त्रास झाला असेल तर सांगा. सर्दी-खोकला-ताप असेल तर लपवू नका. रजा वाया जाईल, गाडीभाडं पुन्हा लागेल म्हणून आईबाप खोकला दाबून आणतात, हे मी समजू शकतो. पण सुजलेल्या श्वासनलिकेवर भूल देणं खरोखर धोक्याचं आहे. तारीख दोन-चार आठवडे पुढे जाऊ द्या.

उपाशी ठेवण्याचे साधारण नियम: जेवण आणि वरचं दूध ६ तास आधी बंद, आईचं दूध ४ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. तुमच्या रुग्णालयाने वेगळी वेळ सांगितली तर ती पाळा. आजी कौतुकाने एक बिस्कीट भरवते आणि शस्त्रक्रिया रद्द होते. घरातल्या सगळ्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

बाजूच्या फिस्टुलाची शस्त्रक्रिया

पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातली जाते. खांद्याखाली उशी, मान ताणलेली, तोंड विरुद्ध बाजूला वळवलेलं. सर्जन आधी छिद्रातून बारीक सळई किंवा जाड नायलॉनचा धागा हळूच आत सरकवतात, म्हणजे नळीची दिशा हाताला लागते. काही जण मिथिलीन ब्लू हे निळं औषध थेंब-दोन थेंब सोडतात. ते जपून वापरावं लागतं. जास्त दाबाने सोडलं तर नळी फुटून सगळं मांस निळं होतं आणि मग काहीच ओळखू येत नाही.

छिद्राभोवती डोळ्याच्या आकाराचा आडवा छेद घेतात, मानेच्या नैसर्गिक वळीत बसेल असा. छिद्र त्वचेच्या त्या छोट्या तुकड्यासकट नळीशी जोडलेलंच ठेवलं जातं, म्हणजे तिला धरून वर जाता येतं. नळी त्वचेखालच्या पातळ स्नायूतून आत शिरते आणि मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आवरणालगत वर चढते. छिद्र खाली आणि घशातलं तोंड वर टॉन्सिलच्या खोबणीत. मोठ्या मुलात एका छेदातून तिथवर हात पोचत नाही. अशा वेळी वर, जिभेच्या बुडाखाली गळ्यात असलेल्या हायॉइड हाडाच्या पातळीवर, दुसरा छोटा आडवा छेद घेऊन नळी त्यातून ओढून घेतात. शिडीच्या पायऱ्यांसारखे एकावर एक छेद, म्हणून याला स्टेपलॅडर पद्धत म्हणतात. मानेवर दोन व्रण दिसतील म्हणून नातेवाईक कधी नाराज होतात. उभा लांब व्रण याहून पुष्कळ वाईट दिसतो, आणि एकाच छेदाच्या हट्टापायी वरचा तुकडा राहून गेला तर पुन्हा सगळं नव्याने करावं लागतं.

खरा कसबाचा भाग इथून पुढे. कॅरोटिड धमनीच्या दोन शाखा होतात, एक मेंदूकडे, एक चेहऱ्याकडे. दुसऱ्या कमानीची नळी नेमकी या दोघींच्या मधून जाते. तिच्याखालून जिभेची हालचाल करणारी नस जाते, जवळच खांदा उचलणारी आणि आवाजाची नस असते. जबड्याखाली ओठाचा कोपरा हलवणारी बारीक नस आहे. तिला जपण्यासाठी वरचा छेद जबड्यापासून दोन बोटं खाली घेतात. सर्जन नळीला अगदी चिकटून, एकेक धागा सोडवत वर जातात. शेवटी सहकारी तोंडातून बोट घालून टॉन्सिलची जागा आतून दाबतो, म्हणजे नळीचं टोक जखमेत पुढे येतं. घशाच्या भिंतीलगत तिला विरघळणाऱ्या धाग्याने बांधून कापतात. प्रत्येक नळी घशापर्यंत जातेच असं नाही. मध्येच बंद झालेली असेल तर तिथवर काढली की पुरतं.

जखम धुऊन, रक्त थांबल्याची खात्री करून, साचणारं पाणी बाहेर यायला बारीक ड्रेन ठेवतात आणि थराथराने शिवतात. दीड-दोन तास सहज लागतात. दोन्ही बाजू एकाच वेळी करायच्या का, हे मुलाच्या वयावर आणि शस्त्रक्रियेला किती वेळ लागतो त्यावर ठरतं.

मधल्या गाठीची: सिस्ट्रंक शस्त्रक्रिया

थायरोग्लॉसल गाठ नुसती सोलून काढली तर जवळजवळ निम्म्या रुग्णांत ती परत येते. नळी हायॉइड हाडाला चिकटून, कधी त्याच्या आतून जाते, आणि हाडाच्या वर जिभेच्या मांसात तिला बारीक फांद्या असतात. शेतातली हरळी वरून खुरपली तर चार पावसांत पुन्हा येते, तसं हे आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले सर्जन वॉल्टर सिस्ट्रंक यांनी १९२० मध्ये मांडलेली पद्धत आज शंभर वर्षांनंतरही प्रमाण मानली जाते. तिच्यात गाठ, हायॉइड हाडाचा मधला भाग आणि तिथून जिभेच्या बुडापर्यंतचा मांसाचा गाभा असा एकसंध तुकडा निघतो. परत येण्याचं प्रमाण त्यामुळे साधारण ३ ते ५ टक्क्यांवर येतं.

म्हणून संमतिपत्रावर सही करण्याआधी एकच प्रश्न: ‘हाडाचा मधला भाग काढणार ना?’ उत्तर ‘गाठच तर आहे, ती काढू’ असं आलं तर दुसरं मत घ्या. हे मी कुणाचा अपमान म्हणून सांगत नाही. दुसऱ्यांदा करायची सिस्ट्रंक शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा कितीतरी अवघड असते, आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

प्रक्रिया थोडक्यात: गाठीवर आडवा छेद, जुनं छिद्र असेल तर ते त्यात धरून. नळी वर हाडापर्यंत सोडवायची. हाडाला वरून-खालून लागलेले स्नायू मध्यभागी सुटे करायचे आणि मधला एक ते दीड सेंटिमीटरचा भाग कापायचा. फार बाजूला गेलं तर जिभेच्या नसेला धोका, म्हणून मध्य सोडायचा नाही. मग भूलतज्ज्ञ किंवा सहकारी जिभेचं बूड तोंडातून खाली दाबतो आणि सर्जन त्या दिशेने मांसाचा गाभा काढत जातात. वरचं टोक बांधून, ड्रेन ठेवून शिवतात. हाडाची टोकं पुन्हा जोडत नाहीत. मुलगा बोलेल का, गिळेल का, ही भीती प्रत्येक घरात असते. हाडाचा तेवढा भाग नसल्याने बोलणं, गिळणं, गाणं यांत अडचण येत नाही.

पहिल्या कमानीच्या दोषात नळी चेहऱ्याच्या नसेच्या अगदी लगत, लाळग्रंथीतून जाते. तिथे आधी ती नस शोधून मोकळी केल्याशिवाय नळीला हात लावायचा नसतो. त्यामुळे हे काम लाळग्रंथीच्या शस्त्रक्रियांचा सराव असलेल्याकडेच द्यावं. तिसऱ्या-चौथ्या कमानीच्या दोषात बऱ्याचदा मान उघडावीच लागत नाही. दुर्बिणीतून घशातलं आतलं तोंड गाठून ते जाळून बंद करतात.

पहिली रात्र

पहिल्या २४ तासांत एकाच गोष्टीवर डोळा ठेवायचा: मानेत रक्त साचतंय का. पट्टीखाली सूज झपाट्याने वाढते आहे, मूल बसून श्वास घेऊ बघतं, श्वासाला घरघर आहे, आवाज बदलला आहे, ड्रेनमध्ये ताजं लाल रक्त भरतं आहे, यांतलं काहीही दिसलं तर राउंडची वाट बघायची नाही. ताबडतोब सिस्टरला बोलवा, मोठ्याने बोलवा. वेळेत टाके सोडून रक्त काढलं की जीव वाचतो.

घसा थोडा दुखेल, गिळताना टोचेल, लाळेत किंचित लालसर दिसेल. इतकं चालतं. मूल पूर्ण जागं झालं की घोटभर पाणी, मग दूध. ड्रेन साधारण एक-दोन दिवसांत काढतात आणि बहुतेक जण दोन-तीन दिवसांत घरी जातात. ओठाचा कोपरा एका बाजूने कमी हलतोय, जीभ एकीकडे वळते, आवाज बसला आहे किंवा खांदा उचलत नाही असं वाटलं तर वॉर्डमध्येच दाखवा. नस नुसती ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत-महिन्यांत ती पूर्वपदावर येते, पण त्याची नोंद त्या दिवशी केसपेपरवर व्हायला हवी.

घरी आल्यावर

सिस्ट्रंकनंतर पहिला आठवडा पेज, मऊ भात-वरण, दूध-केळं, शिरा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी तेवढे दिवस बाजूला. दूध-आमटीत कुस्करलेली मऊ भाकरी चालते. बाजूच्या फिस्टुलात घशात टाका घातला असेल तर हेच पाळा. प्रत्येक खाण्यानंतर चूळ भरायची.

पट्टी कोरडी ठेवा, मानेखालून अंघोळ घाला. बाहेरून दिसणारे टाके असतील तर ते ५ ते ७ दिवसांत काढतात. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर कापसाचे तंतू जखमेला चिकटतात. पहिले दहा दिवस मुलाला मागाच्या खोलीपासून दूर झोपवा आणि पट्टी उघडी ठेवू नका. हळद, तूप, राख, कुठलाही लेप नको. सर्जनने लिहून दिलेलं मलमच लावायचं.

शाळा आठ-दहा दिवसांनी. तालीम, कबड्डी, पोहणं, ओझं उचलणं तीन-चार आठवड्यांनी. व्रण पहिले काही महिने लाल आणि थोडा उंच दिसतो, मग फिका होतो. त्याला उन्हापासून जपा, सुती रुमाल पुरतो. घरात कुणाच्या व्रणावर जाड गाठीसारखं मांस वाढण्याची खोड असेल तर सर्जनला आधीच सांगा, सिलिकॉन जेल लवकर सुरू करता येतं.

ताप, वाढता लालपणा, पू, किंवा जेवताना-पाणी पिताना जखमेतून लाळेसारखं पाणी येणं, यांतलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा.

बायोप्सीचा रिपोर्ट आणि पुढचं वर्ष

रिपोर्ट यायला आठवडा-दहा दिवस लागतात आणि तोवर घरी आलेले अनेक जण तो आणायलाच जात नाहीत. जाच. थायरोग्लॉसल गाठीत शंभरातल्या एखाद्या, बहुधा मोठ्या वयाच्या रुग्णात थायरॉइडचा कर्करोग निघतो. वेळेवर कळला तर तो उत्तम बरा होतो. क्षय निघाला तर त्याचं औषध तेव्हा, पुराव्यानिशी सुरू होतं.

आधी न चिरलेल्या, न पिकलेल्या बाजूच्या फिस्टुलात शस्त्रक्रियेनंतर तो परतण्याचं प्रमाण साधारण ३ टक्के आहे. आधी वारंवार पू झाला असेल किंवा एखादी शस्त्रक्रिया फसली असेल तर ते २० टक्क्यांपर्यंत जातं. परतणारा आजार बहुधा पहिल्या वर्षातच डोकं वर काढतो, म्हणून आठवड्याने, महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने दाखवायला जा, मूल ठणठणीत असलं तरी.

डिस्चार्ज कार्डाबरोबर शस्त्रक्रियेची सविस्तर नोंदही मागून घ्या. नळी कुठवर गेली होती, हाड काढलं का, टोक कुठे बांधलं, हे त्यात लिहिलेलं असतं. ती नोंद, सोनोग्राफी, एमआरआयची फिल्म आणि बायोप्सीचा रिपोर्ट एका प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा आणि प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुन्हा कधी त्या जागी ओल दिसली तर कुणालाही चिरा देऊ न देता ही फाइल घेऊन थेट शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनकडे जायचं. पुन्हा काढायची वेळ आली तर नवा सर्जनही पहिल्यांदा हेच कागद मागेल.